चौथं घर

जिनिंगच्या रोलरनं दोन बोटं नेली, त्याला चार हंगाम झाले.
उजव्या हाताची. पहिलं आणि मधलं.
भरपाईत पंचफुलानं न्हाणीघर बांधून घेतलं,
मला गेटवर रातपाळी मिळाली
आणि विहारातली पेटी
मी पुसून, कापड घालून, कोपऱ्यात सरकवली.

सुगत हिंगणघाटला मोबाइल दुरुस्त करतो.
दिवाळीत आला, खिशातून काढून हे तळहातावर ठेवलं :
दहा घरं, वीस पत्त्या,
गेलेल्या बोटाएवढी लांबी.
"मोठेबा, याले बोटं लागत नाईत."

सुरुवातीला तीन-तीन घरं एकदम बोलायची,
नळावरच्या बायांसारखी.
ओठ आवळत आवळत एकेकीला वेगळं काढलं.
चौथ्या घरात दोघं राहतात :
फुंकलं की सा,
ओढलं की रे.
इतकं जमलं तेव्हा मला वाटलं, झालं.

"आता रे वाकवा," सुगत म्हणाला.
ओठ जागचे हलवायचे नाहीत,
जीभ आतल्या आत मागं न्यायची,
'ई' म्हणता म्हणता 'ऊ'कडं जायचं.
वाकवा म्हणे. पितळेची पत्ती, श्वासानं.

पंधरा दिवस ती किंचाळली, घुसमटली,
थुंकीनं भरून मुकी झाली.
कुत्रं अंगण सोडून शेजारी राहायला गेलं.
पंचफुला चुलीपाशी बसल्या बसल्या विचारायची,
"कोनाची म्हैस अडली व माय?"

पेटीत हे नव्हतं.
पेटीत रे आहे, कोमल रेही आहे,
पण दोघांची घरं वेगळी, मधी भिंत.
जयंतीच्या रात्री कौतिकाबाई
आवाज असा घसरवत खाली आणायची
की समोरची पोरं बिडी ओढायची विसरत,
आणि माझी बोटं दोन पट्ट्यांवर उभी
पूर आलेल्या नाल्याच्या काठावर असावीत तशी.
पान लावताना म्हणायची,
"देवाजी, तुह्या पेटीले उतार नाई. उड्या मारते नुसती."
तीस वर्षं मी हसण्यावारी नेलं.

मग एका रात्री, काट्यापाशी,
कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली,
ड्रायव्हर गाडीखाली गोधड्या घेऊन झोपलेले,
तीन वाजले असतील,
रे ओढता ओढता मला जांभई आली.
बाजा तोंडातच होता.
जबडा खाली गेला, जीभ आपोआप मागं पडली
आणि रे
गुडघ्यात वाकला.

मोडला नाही. वाकला.
सा तिथंच होता, त्याच घरात, गप्प बसून,
त्यानं दार किलकिलं केलं असावं
आणि दोघांच्या मधून
तिसरंच कुणीतरी बोललं.
एका गाडीखालून आवाज आला, "कोन रडून रायलं बे?"

मग आठवडाभर खोट्या जांभया दिल्या.
खोटीला येत नाही तो.
जोर लावला की तर मुळीच नाही,
पत्ती फक्त बसते, हट्टी पोरासारखी.
श्वास आत घेतानाचा सूर आहे हा,
बाहेर ढकलून मिळत नाही,
आणि मी जन्मभर भाता ढकललेला माणूस.

आता दहातून चारदा उतरतो.
उतरतो तेव्हा उजव्या हातात काहीतरी हलतं,
नसलेलं मधलं बोट
पांढऱ्या पट्टीवरून काळीकडं निघतं,
निम्म्यात थांबतं.
इथं पट्टी नाही हे त्यालाही कळतं बहुतेक.

काल सकाळी रात्रपाळीहून आलो,
नव्या न्हाणीघरापाशी उन्हात बसलो,
केसांतली रुई तशीच.
चौथं घर ओढलं, हळूच खाली सोडलं,
मधे धरून ठेवलं,
श्वास पुरला तोवर.

आतून पंचफुला म्हणाली,
"मोकळी झाली वाटते."
"नाई अजून," मी म्हणालो,
"अर्धीच."